सिनेमातला विसर आणि आपल्या घरातला विसर

 गटाची बैठक संपते, हप्ते गोळा होतात, रजिस्टरवर सह्या होतात, आणि मग चपला घालता घालता खरी बोलणी सुरू होतात, हे आम्हा समन्वयक बायांना चांगलं माहीत आहे. यंदाच्या पावसाळ्यात त्या उभ्या उभ्या बोलण्यात एक विषय सारखा निघाला. कुणाच्या सासूबाई जेवून उठल्यावर दहा मिनिटांत शेजारी जाऊन सांगतात, "सून मला जेवायला घालत नाही." कुणाचे वडील रोजच्या वाटेने शेतावर गेले आणि संध्याकाळी तिसऱ्याच गावच्या फाट्यावर सापडले. एका ताईंच्या आजेसासूबाई आरशातल्या म्हातारीला शिव्या देतात, "ही कोण बया घरात घेतलीय?" म्हणून. सांगताना बाया आधी हसतात. मग एखादी हसता हसताच डोळ्याला पदर लावते.

आम्ही विचारलं, असं काही तुम्ही याआधी कुठे पाहिलं होतं का? उत्तर आलं, "सिनेमात." कोणत्या? तर 'सदमा' आणि 'गजनी'.

म्हणून आजचं बोलणं सिनेमा, चित्रं आणि गाणी यांत दिसणाऱ्या विसराबद्दल आहे. डॉक्टरांचं भाषण आपण शिबिरात ऐकतो आणि घरी येईपर्यंत निम्मं सांडतो. सिनेमात पाहिलेलं मात्र वर्षानुवर्षं खरं धरून चालतो. तेव्हा त्यातलं खरं काय आणि नुसती करमणूक काय, हे एकदा निवडून घेऊ. तांदूळ निवडतो तसं.

'सदमा' १९८३ सालचा. त्यात श्रीदेवीच्या डोक्याला अपघातात मार लागतो आणि ती लहान मुलीसारखी वागायला लागते. कमल हासन तिला सांभाळतो. शेवटी एका वैद्याच्या उपचाराने तिची जुनी आठवण परत येते, पण मधल्या काळातला सांभाळणारा माणूस तेवढा ती विसरते. रेल्वे स्टेशनवरचा तो शेवट पाहून आपल्यातल्या कितीतरी जणी रडल्या असतील. 'गजनी' २००८ चा. त्यात आमिर खानच्या डोक्यात लोखंडी गज बसतो आणि दर थोड्या वेळाने त्याची पाटी कोरी होते. मग तो अंगभर गोंदवून घेतो. (आमच्या गटातली एक आजी म्हणाली, त्यात काय विशेष, माझ्याही हातावर जत्रेत गोंदलंय.)

हे दोन्ही सिनेमे मार लागून गेलेल्या आठवणीचे आहेत. आपल्या घरातल्या आजीचा विसर वेगळा. तो एका दिवसात येत नाही, चोरपावलांनी येतो. आधी ताज्या गोष्टी जातात, म्हणजे सकाळी काय खाल्लं, पैसे कुठे ठेवले. मग कामातली रीत जाते. चहात साखरेऐवजी मीठ पडतं, लुगडं नेसताना निऱ्या जमत नाहीत. मग माणसं जातात. आणि एक गोष्ट सिनेमावाल्यांना सांगायला आवडत नाही, ती म्हणजे यात धक्का बसून आठवण परत येत नाही. वैद्य, अंगारा, ताईत, दुसरा अपघात, कशानेही नाही. "एकदा मोठा धक्का बसला की येईल ताळ्यावर" म्हणून म्हाताऱ्या माणसावर ओरडणारी, त्यांना घाबरवणारी घरं आम्ही पाहिली आहेत. ही समजूत कुठून आली म्हणाल, तर निम्मी तरी जुन्या सिनेमांतून आलेली आहे.

या आजाराला स्मृतिभ्रंश म्हणतात. डॉक्टर डिमेन्शिया म्हणतील. त्याचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. आपल्याकडे म्हातारचळ म्हणतात, साठी बुद्धी नाठी म्हणतात, आणि तिथेच विषय मिटवतात. पण म्हातारपणाचा साधा विसर वेगळा आणि हा मेंदूचा आजार वेगळा. चश्मा कुठे ठेवला हे विसरणं आम्हालाही होतं. चश्मा हातात धरून हे काय आहे असं विचारणं, ही काळजीची गोष्ट. काही वेळा विसराचं कारण साधं आणि बरं होणारं असतं. बी-१२ जीवनसत्त्व कमी असतं, थायरॉइड बिघडलेलं असतं किंवा मन फार खचलेलं असतं. म्हणून घरातल्या घरात शिक्का मारण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्यायचं.

२०२३ साली देशभरातल्या वयस्कर माणसांच्या पाहणीवरून एक अंदाज प्रसिद्ध झाला. साठीच्या वरच्या दर शंभर माणसांत साधारण सात जणांना हा आजार आहे, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं. ज्या गावात साठीपुढची दोनशे माणसं आहेत तिथे पंधराएक जण धरा. त्याच पाहणीत आणखी दोन गोष्टी निघाल्या. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार जास्त आहे, आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ज्या सिनेमाबद्दल आम्हाला मनापासून बोलायचं आहे त्याकडे येतो. त्याचं नाव 'अस्तु'. मराठी सिनेमा आहे, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २०१३ साली केलेला. सुमित्राताई आता नाहीत, २०२१ मध्ये गेल्या. सिनेमात येण्याआधी त्या समाजकार्य शिकवायच्या, आणि त्यांचा पहिला लघुपट झोपडपट्टीतल्या एका बाईवर होता, त्याचं नावच 'बाई'. म्हणजे आपल्या कामाच्या वाटेवरूनच गेलेली बाई.

'अस्तु'मध्ये चक्रपाणी शास्त्री नावाचे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक आहेत. भूमिका मोहन आगाशे यांची. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, त्यामुळे त्या माणसाची नजर कशी हरवते हे त्यांना नेमकं कळलेलं दिसतं. शास्त्रींना अल्झायमर झालेला आहे. मोठी मुलगी इरा त्यांना गाडीत बसवून जरा बाजूला जाते. तेवढ्यात रस्त्याने एक हत्ती चालतो. म्हाताऱ्याला हत्ती आवडतो, तो दार उघडून त्याच्या मागे चालायला लागतो. लहान पोर जाईल तसा. मुलगी परत येते तर गाडी रिकामी. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे एकीकडे मुलींची शोधाशोध, पोलीस, एकमेकींवर चिडणं, जुन्या आठवणी. आणि दुसरीकडे हत्तीवाल्याच्या झोपडीत बसलेले शास्त्रीबुवा.

हत्तीवाल्याची बायको आहे चन्नम्मा. कानडी बोलणारी, पोटासाठी गावोगाव फिरणारी. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि सुमित्राताईंना संवादांसाठी. चन्नम्माला अल्झायमर हा शब्द माहीत नाही. समोरचा माणूस मोठा पंडित आहे हेही माहीत नाही. तिला एवढंच दिसतं की हे म्हातारं घाबरलेलं आहे, भुकेलेलं आहे आणि लहान मुलासारखं झालेलं आहे. म्हणून ती त्याला खाऊ घालते, स्वच्छ करते, निजवते. तो तिला आई म्हणतो आणि ती ते आईपण घेते.

हा सिनेमा आमच्या पाहण्यातल्या बायांना लगेच पटला, त्याचं कारण ही चन्नम्मा. कारण तिचं काम त्या रोज करतात. मात्र एक ताई लगेच म्हणाल्या, "चन्नम्माला एक दिवस करायचं होतं. इराला रोज करायचंय." खरं आहे. आणि सिनेमाही हे लपवत नाही. इरा वडिलांवर जीव टाकते, पण थकते, चिडते, तिचा आवाज चढतो, मग स्वतःलाच बोल लावते. घर, मुलं, नवरा आणि हे मोठं झालेलं लहान मूल, सगळं तिच्या अंगावर. परक्या बाईला जे सहज जमतं ते पोटच्या मुलीला जड जातं, कारण मुलीला आपले जुने वडील हवे असतात. चन्नम्माला जुने शास्त्री माहीतच नाहीत. समोर जो आहे तोच तिच्यासाठी खरा. 'अस्तु' म्हणजे असू दे, असो. ज्या दिवशी सासू आपलं नाव विसरते त्या दिवशी हे "असू दे" म्हणणं किती कठीण असतं, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

यातून आमच्या गटांत एक गोष्ट निघाली. एका ताईंच्या सासूबाई दिवेलागणीला रोज पिशवी भरतात आणि म्हणतात, "मला घरी जायचंय." त्या घरातच बसलेल्या असतात. आधी सगळे समजावत, "अहो हेच तुमचं घर, साठ वर्षं झाली." त्यावर आजी आणखी चिडायच्या, रडायच्या. आता सून म्हणते, "जाऊ की आत्या. आधी चहा घेऊ, मग निघू. तुमच्या माहेरी अंगणात काय होतं हो?" आजी चिंचेच्या झाडाचं सांगतात, विहिरीचं सांगतात, भावाचं सांगतात. पिशवी तशीच राहते. हे खोटं बोलणं झालं का, असं त्या ताईंनी विचारलं. आमच्या मते नाही. आजीला घर म्हणजे जिथे जीव शांत होतो ती जागा हवी असते, आणि ती त्यांना त्या गप्पांत मिळते.

दुसरे सिनेमे भराभर सांगतो. 'मैंने गांधी को नहीं मारा' २००५ चा, जानू बरुआ यांचा. त्यात अनुपम खेर हे हिंदीचे निवृत्त प्राध्यापक आहेत आणि आपल्या हातून गांधीजी मेले असं त्यांना वाटत राहतं. सांभाळणारी पुन्हा मुलगीच, ऊर्मिला मातोंडकर, आणि या सगळ्यात तिचं ठरत आलेलं लग्न मोडतं. हे फार खरं आहे. शेवटी खोटा खटला उभा करून त्यांना निर्दोष सोडतात आणि त्यांच्या मनावरचं ओझं उतरतं. सिनेमा म्हणून छान, पण घरी असे खटले चालवून आजार जात नाही. त्याच वर्षी मल्याळम भाषेत 'तन्मात्रा' आला, दिग्दर्शक ब्लेसी. त्यात मोहनलाल हे सरकारी कचेरीतले कर्मचारी, वयाने म्हातारेही नाहीत. कचेरीची महत्त्वाची फाईल हरवते, सगळीकडे शोध होतो आणि ती सापडते घरच्या फ्रिजमध्ये. आजाराची सुरुवात कशी असते हे दाखवायला एवढा एक प्रसंग पुरतो. वस्तू हरवते ते सोडा, ती भलत्याच जागी सापडते तिकडे लक्ष द्यायचं. आपल्याकडे पोत धान्याच्या कणगीत सापडते आणि आळ येतो सुनेवर.

आणि 'थ्री ऑफ अस', २०२३ मध्ये आलेला. 'किल्ला' हा मराठी सिनेमा करणारे अविनाश अरुण यांचा. यात आजारी बाई आहे, हे महत्त्वाचं. शेफाली शाह यांची शैलजा मुंबईत कुटुंब न्यायालयात नोकरी करते. तिला आजाराची सुरुवात झाली आहे आणि तिला ते कळलेलं आहे. ती नोकरी सोडते आणि नवऱ्याला घेऊन कोकणात जाते, वेंगुर्ल्याला, जिथे तिचं थोडंसं बालपण गेलं. शाळा, जुना मित्र, जुनी गल्ली असं सगळं विसरायच्या आत एकदा पाहून घेते. कुणी ओरडत नाही, कुणी हरवत नाही. पाहताना आम्हाला वाटलं, आजाऱ्यालाही इच्छा असते हे सांगणारा हा सिनेमा आहे. आपण बाईच्या औषधाचं विचारतो, तुला काय पाहायचंय हे कोण विचारतं?

आता मघाचा आकडा आठवा. आजार बायकांत जास्त, खेड्यात जास्त. आणि सिनेमात कोण? संस्कृतचे प्राध्यापक, हिंदीचे प्राध्यापक, सरकारी कर्मचारी, 'ब्लॅक'मधले अमिताभ बच्चन म्हणजे शिक्षक. एखादी शैलजा, तीही शहरातली, शिकलेली. असं का, याचा आम्ही विचार केला. सिनेमा करणाऱ्याला पडझड दाखवायची असते. एवढा मोठा विद्वान, आणि आता त्याला स्वतःचं नाव आठवत नाही, म्हटलं की लोक हळहळतात. मग जिने कधी शाळा पाहिली नाही, तिचं काय हरवलं असं समजायचं? तिला साठ प्रकारचं बियाणं माहीत होतं. कोणत्या म्हशीने कधी किती दूध दिलं हे तोंडपाठ होतं. कुणाची सोयरीक कुठे, कुणाचं उसनं किती, बाळंतिणीला काय द्यायचं, हे सगळं तिच्या डोक्यात होतं आणि कुठेही लिहिलेलं नव्हतं. शास्त्रीबुवांची पुस्तकं तरी कपाटात राहतात. तिचं पुस्तक तीच. यावर सिनेमा कुणी करायला हवा. तोवर ही तक्रार आम्ही इथे नोंदवून ठेवतो.

चित्रकलेकडे वळू. विल्यम उटरमोलेन नावाचे एक अमेरिकन चित्रकार होते, राहायला लंडनमध्ये. १९९५ मध्ये, साठी नुकतीच उलटलेली असताना, त्यांना अल्झायमर असल्याचं निदान झालं. त्यांनी काय केलं, तर स्वतःचा चेहरा काढायला सुरुवात केली. जवळपास पाच वर्षं काढत राहिले. हे चेहरे ओळीने लावून पाहिले की अंगावर काटा येतो. पहिल्या चित्रांत माणूस ओळखू येतो, फक्त डोळे घाबरलेले. मग खोली वाकडी होते, टेबलाच्या कडा जुळत नाहीत, माणूस जणू पिंजऱ्यात उभा आहे असं वाटतं. पुढे नाक-डोळे जागा सोडतात. एका चित्रात चेहरा पुसून टाकल्यासारखा आहे. शेवटी उरतं ते डोक्याच्या आकाराचं पेन्सिलीचं गिरगटणं. २००७ मध्ये ते वारले.

सिनेमात दुसरा माणूस आजाऱ्याची नक्कल करतो. इथे आजारी माणूस स्वतः आतून सांगतो आहे. डॉक्टरांनाही या चित्रांतून पुष्कळ कळलं. हे सांगायचं कारण असं की आजारी माणसाला आपलं काहीतरी निसटतंय हे बराच काळ कळत असतं. "तिला काय कळतंय" म्हणून तिच्यासमोरच तिच्याबद्दल बोलतात, ते तिला कळतं. शब्द विसरेल, पण आवाजातला राग ओळखेल.

आता गाणं. इथे दोन वेगळी उदाहरणं देतो, कारण दोघांनी वेगवेगळ्या बाजूने हे दाखवलं आहे.

ग्लेन कॅम्पबेल हे अमेरिकेतले फार मोठे गायक. २०११ मध्ये त्यांनी आपल्याला अल्झायमर झाल्याचं जाहीर केलं आणि घरी बसण्याऐवजी निरोपाचा दौरा काढला. साथीला स्वतःची मुलं, समोर पडद्यावर गाण्याचे शब्द. असे दीडशेवर कार्यक्रम केले. शब्द चुकायचे, पण बोटं गिटारवर बरोबर चालायची. त्यानंतर, २०१३ च्या सुरुवातीला, त्यांनी शेवटचं गाणं रेकॉर्ड केलं, बायकोला उद्देशून. त्याच्या नावाचा अर्थ होतो, "मला तुझी उणीव भासणार नाही." ऐकायला कठोर वाटतं ना? पण त्याचा अर्थ असा की मी तुला विसरेन, तेव्हा दुःख मला होणार नाही, ते सगळं तुझ्या वाट्याला येईल. आजारी माणसाने सांभाळणाऱ्या बाईचं दुःख ओळखून गायलेलं गाणं आम्हाला दुसरं माहीत नाही. २०१७ मध्ये ते गेले.

दुसरं उदाहरण इंग्लंडमधल्या लेलँड कर्बी यांचं. 'द केअरटेकर' या नावाने त्यांनी २०१६ ते २०१९ या काळात सहा भागांचं संगीत प्रसिद्ध केलं, सगळं मिळून साडेसहा तासांचं. त्यात जुन्या नाचाच्या मैफलींतल्या, शंभरेक वर्षांपूर्वीच्या तबकड्यांचे सूर घेतले आहेत. पहिल्या भागात गोड चाली, जराशी खरखर. पुढे तीच चाल परत येते पण अडखळत. मग दोन चाली एकमेकींत मिसळतात. नंतर तर नुसता गोंगाट, मध्येच ओळखीचा एखादा सूर, आणि पुन्हा गोंगाट. अगदी शेवटी माणसांचे मिळून गायल्यासारखे सूर येतात आणि मग शांतता. कॅसेटची फीत टेपरेकॉर्डरमध्ये गुंतायची आणि लताबाईंचा आवाज जाड होऊन रडवेला यायचा, आठवतं? तसं, पण तासन् तास. ऐकायला सुखाचं मुळीच नाही, सगळं ऐका असं आम्ही सांगणार नाही. पण आजीच्या डोक्यात संध्याकाळी काय चालत असेल याची थोडी कल्पना त्यातून येते. घरात टीव्ही, मिक्सर, पोरांचा मोबाईल आणि चार माणसांचं बोलणं एकदम चालू असलं की ती का बिथरते, हे कळतं.

आणि तरीही, गाणंच सगळ्यात उशिरा जातं. नातवाचं नाव न आठवणारी आजी हरिपाठ सुरू झाला की सगळ्यांबरोबर म्हणते, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. याला देवाची कृपा म्हणा, पण मेंदूतही त्याचं कारण आहे. जर्मनीतल्या लाइपझिग शहरातल्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये दाखवलं की फार जुनी, ओळखीची गाणी मेंदूच्या ज्या भागात जपली जातात, तो भाग अल्झायमरमध्ये इतर भागांच्या मानाने उशिरा झिजतो. त्यातही दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंत ऐकलेली-गायलेली गाणी जास्त टिकतात. आपल्या आजीचं हे वय म्हणजे लग्न होऊन सासरी आलेलं, पहाटे जात्यावर बसलेलं वय.

म्हणून आमचा जीव ओवीवर आहे. जात्याची ओवी नुसती तोंडाने गायलेली नसते. खुंट्याला धरलेला हात, गोल फिरणारी पाळू, समोर बसलेली जाऊ किंवा नणंद, पिठाचा वास, या सगळ्यासकट ती पाठ झालेली असते. एक दोरा तुटला तरी दुसऱ्याला धरून ती वर येते. पुण्याजवळच्या मुळशी-मावळ भागापासून सुरुवात करून हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी अशा ओव्या गोळा केल्या, वर्षानुवर्षं, त्यांच्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन. त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात आता त्या ऐकायला मिळतात, गाणाऱ्या बाईच्या नावानिशी. शाळा न शिकलेल्या बाईच्या आठवणीचं पुस्तक म्हणाल तर हे. मघाची आमची तक्रार सिनेमावाल्यांवर आहे, या लोकांवर नाही.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगतो. गाण्याने आजार बरा होत नाही, थांबतही नाही. त्याने घटकाभर जीव निवतो, अंघोळ घालताना, जेवू घालताना भांडण कमी होतं, एवढंच. पण ज्या घरात रोज दोन वेळा हे भांडण होतं, त्या घराला हे "एवढंच" पुष्कळ असतं. दुसरं, सगळी गाणी सुखाची नसतात. आमच्या एका गावात आजींना पाळणा लावून दाखवला आणि त्या थांबेनात अशा रडायला लागल्या. घरच्यांना मागाहून आठवलं की त्यांचं पहिलं मूल पाळण्यातच गेलं होतं. तेव्हा गाणं लावल्यावर पोरांसारखं निघून जायचं नाही, तोंडाकडे पाहत बसायचं. कपाळावर आठी आली की बंद करायचं.

आमच्या ग्रामसंघाने दिवाळीनंतर एक काम ठरवलं आहे. प्रत्येक गटाने आपल्या वाडीतल्या सत्तरीपुढच्या बायकांची गाणी मोबाईलवर भरून घ्यायची. ज्यांना विसर सुरू झाला आहे त्यांची आधी. ओवी, भोंडल्याची, पंचमीची गाणी, लग्नातली हळदीची गाणी, जे येईल ते. सकाळची वेळ धरा, संध्याकाळी त्या थकलेल्या आणि गोंधळलेल्या असतात. पंखा आणि टीव्ही बंद ठेवा. "आठवतंय का?" असं विचारू नका, त्याने त्या कानकोंड्या होतात. तुम्हीच पहिली ओळ सुरू करा, चुकीची म्हटलीत तरी चालेल, आजी दुरुस्त करतील. घरात जातं असेल तर समोर मांडा, मूठभर ज्वारी घाला. नसेल तर सूप हातात द्या. मध्येच थांबल्या तर घाई करू नका. तीच ओवी पाच वेळा आली तर पाचही वेळा भरून घ्या. सुरुवातीला त्यांचं नाव, माहेरचं गाव आणि तारीख तुम्ही बोलायची.

आणि जी सून किंवा लेक त्यांना सांभाळते, तिला त्या वेळात तासभर घराबाहेर सोडायचं. गटातली दुसरी बाई तोवर आजीजवळ बसेल. त्याची पाळी लावून रजिस्टरमध्ये वेगळं पान केलं आहे. घरातलं म्हातारं माणूस वाट चुकण्याची भीती असेल तर नाव, गाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या बटव्यात किंवा बंडीच्या खिशात शिवून टाका. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ हा सरकारी फोन नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत. भरून घेतलेली गाणी ज्या घराची परवानगी असेल तेवढीच पेन ड्राइव्हमध्ये घालून रेडिओ केंद्रावर आणून द्यावीत, दर गुरुवारी दुपारी दोन ते चार आमच्यापैकी कुणीतरी तिथे बसलेलं असतं.